खान्देशात जनावरांच्या लसींचा धंदा करावा का?

शिरपूर तालुक्यातल्या एका तरुणाने विचारलंय: डी. फार्म. पूर्ण झालंय, घरी म्हशी आहेत, वडील दूध घालतात. जनावरांच्या लसींचा बाजार देशात आणि जगात झपाट्याने वाढतोय असं जिकडे तिकडे वाचायला मिळतं. मग शिरपुरात किंवा धुळ्यात लसींची एजन्सी टाकली तर चालेल का, आणि भांडवल कशात घालावं?

भाऊ, चालेल. पण पहिला पैसा फ्रीज आणि इन्व्हर्टरमध्ये घाला, दुसरा लसींमध्ये. सरकारी नोकरीत आणि नंतर खासगी पशुवैद्यक म्हणून माझी हयात जळगाव, धुळे, नंदुरबार या तीन जिल्ह्यांत गेली. इथे लसीला गिऱ्हाईक नाही असं मी फारसं पाहिलं नाही. जनावराच्या अंगात जाईपर्यंत लस थंड ठेवणारा माणूस मात्र कमी पडतो. वाढ त्याच्या हातात आहे.

आधी तुम्ही वाचलेल्या वाढीबद्दल. देशातल्या वाढीचा मोठा हिस्सा सरकारी खरेदीचा आहे. सप्टेंबर २०१९ मध्ये मथुरेत राष्ट्रीय पशुरोग नियंत्रण कार्यक्रम सुरू झाला. पाच वर्षांसाठी १३,३४३ कोटी रुपये, सगळे केंद्राचे, आणि लक्ष्य दोन रोगांवर: लाळ्या खुरकूत आणि ब्रुसेलोसिस, म्हणजे सांसर्गिक गर्भपात. २०१९ च्या पशुगणनेत देशात १९ कोटींच्या वर गाई-बैल आणि जवळपास ११ कोटी म्हशी मोजल्या गेल्या. एवढ्या जनावरांना वर्षातून दोनदा लाळ्या खुरकुताची लस टोचायची म्हटल्यावर कारखान्यांची उलाढाल वाढणारच. हैदराबादची इंडियन इम्युनॉलॉजिकल्स, बंगळुरूची बायोव्हेट अशा कंपन्या तो माल बनवतात, केंद्र तो घेतं, राज्याकडे पाठवतं, आणि आपल्या गावातल्या दवाखान्यातून तो फुकट टोचला जातो. त्यात तुमच्या दुकानाला जागा नाही. लाळ्या खुरकुताची लस भरून ठेवली तर सरकारी लसीकरणाची फेरी आली की तुमचा माल तसाच पडून राहील. फेरीच्या वेळी चार महिन्यांच्या आत असलेली वासरं, नुकतीच विकत आणलेली जनावरं, पहिल्या डोसनंतर महिन्याने लागणारा बूस्टर, एवढंच गिऱ्हाईक त्यात खासगीला उरतं. ते कायमचं आहे, पण थोडं आहे.

ब्रुसेलोसिसची लस तर दुकानात ठेवूच नका. ती जिवंत जंतूंची लस आहे. चार ते आठ महिन्यांच्या मादी वासरांनाच, आयुष्यात एकदाच देतात. टोचणाऱ्याच्या डोळ्यात थेंब उडाला किंवा सुई स्वतःच्या बोटात गेली तर माणसाला आजार होतो. हातमोजे, गॉगल घालून प्रशिक्षित माणसानेच करायचं ते काम आहे आणि ते सरकारकडेच राहू द्यावं.

मग खासगी मागणी वाढली कशाने? आपल्या भागात तरी मला ठळक कारण दिसतं ते लम्पी, म्हणजे गुरांच्या अंगावर गाठी उठवणारा साथरोग. २०२२ च्या साथीत राज्यातली पहिली नोंद आपल्या रावेर तालुक्यातल्या चिनावलची, ऑगस्ट महिन्यातली. पाहता पाहता गुरांचे बाजार बंद झाले. वरखेडी, सावदा इथे गुरांनी फुललेली मैदानं मोकळी पडली. राज्य सरकारने मेलेल्या गाईला ३० हजार, बैलाला २५ हजार आणि वासराला १६ हजार रुपये मदत ठरवली, पण पोळा तोंडावर आला असताना ज्याच्या दावणीचा बैल गेला त्याचं त्या पैशात काही भागलं नाही. त्या वेळी लम्पीची स्वतःची लस बाजारात नव्हती. शेळ्यांच्या देवीवरची लस गाई-बैलांना टोचली, कारण दोन्ही विषाणू एकाच घराण्यातले आहेत, आणि तिने बऱ्यापैकी काम केलं. हिसारच्या अश्व संशोधन केंद्राने आणि इज्जतनगरच्या पशुवैद्यक संस्थेने मिळून केलेली लम्पी-प्रोव्हॅक-इंड त्याच ऑगस्टमध्ये जाहीर झाली, आणि बायोव्हेटच्या लम्पी लसीला परवाना मिळाला तो २०२५ मध्ये.

२०२२ च्या साथीपर्यंत लसीला नकार देणारी माणसं मला रोज भेटत. "डाक्टर, सुई टोची का दूध आटी जास," हे वाक्य मी यावल-चोपड्याकडे गोठ्यागोठ्यात ऐकलं आहे. त्यात तथ्य अजिबात नाही असं नाही. लाळ्या खुरकुताची लस टोचल्यावर दोन-तीन दिवस दूध थोडं उतरतं, मग पूर्ववत होतं. हे आधी सांगितलं तर शेतकरी ऐकतो. लपवलं तर पुढच्या फेरीला गोठ्याचं दार बंद असतं. लम्पीनंतर मात्र तीच माणसं फोन करून विचारू लागली की वासराला कधी टोचायची. साथीच्या वेळी टोचलेल्या गाईंची वासरं पुढच्या वर्षी उघडी पडली, २०२३ मध्ये लहान वासरांत लम्पी दिसला, तेव्हा लोकांना कळलं की एकदा टोचून हे काम संपत नाही. दर वर्षी नवी वासरं जन्मतात, म्हणून मागणीही दर वर्षी नव्याने उभी राहते.

दुसरं कारण जनावराची किंमत. एका चांगल्या मुऱ्हा म्हशीला आज लाखाच्या वर मोजावे लागतात, आणि बऱ्याचदा ते कर्ज असतं. एवढं मोल दावणीला बांधल्यावर माणूस लसीच्या पैशाकडे बघत नाही. तिसरं म्हणजे औषधांवर येत चाललेले निर्बंध. कोलिस्टिन हे प्रतिजैविक अन्नासाठी पाळलेल्या जनावरांत आणि कोंबड्यांत वापरायला जुलै २०१९ मध्ये बंदी आली. पूर्वी खाद्यात औषध घालून जो रोग दाबत, तो आता लस आणि स्वच्छतेनेच रोखायचा आहे. ही दिशा आता उलटणार नाही.

आता मुख्य गोष्टीकडे येतो, कारण बहुतेक नवे दुकानदार इथेच बुडतात.

घटसर्प, फऱ्या, शेळ्या-मेंढ्यांचा आंत्रविषार या लसी पावसाळ्याच्या आधी टोचायच्या असतात. टोचल्यावर अंगात प्रतिकारशक्ती यायला दोन-तीन आठवडे जातात, म्हणजे पहिला पाऊस पडायच्या आत काम उरकलेलं हवं. म्हणजे मे महिना. आणि मे महिन्यात आपल्या भुसावळ-जळगावचा पारा ४५ च्या पुढे जातो, दुपारी वीज जाते, आणि गेलेली वीज कधी येईल ते कोणी सांगत नाही. लसीला हवेत २ ते ८ अंश. मागणी वर्षातली सगळ्यात जास्त असते तेव्हाच माल सांभाळणं सगळ्यात अवघड असतं. पुण्या-कोल्हापूरकडच्या व्यापाऱ्याने सांगितलेला हिशेब इथे जसाच्या तसा चालत नाही तो यामुळे.

साधा घरगुती फ्रीज घेऊ नका. बर्फाच्या अस्तराचा, आयएलआर म्हणतात तो फ्रीज घ्या. वीज गेली तरी तो बराच वेळ थंडावा धरून ठेवतो. त्यात थर्मामीटर टांगा आणि सकाळ-संध्याकाळ तापमान वहीत लिहा. एका दुकानात मी पाहिलं होतं, लसीच्या बाटल्या फ्रीजच्या दारात आणि खाली पाण्याच्या बाटल्या. दुपारच्या गर्दीत दार शंभरदा उघडलं जायचं. तिथून नेलेल्या लसीने जनावर वाचलं नाही की दोष लसीला, कंपनीला, डॉक्टरला. त्या फ्रीजकडे कोणी पाहत नाही.

उन्हाची भीती सगळ्यांना असते, गोठण्याची कोणाला नसते. खरं तर लाळ्या खुरकुताची तेलातली लस गोठली की कायमची गेली. चांगली लस पांढरी, दुधासारखी दिसते. गोठून वितळलेल्या बाटलीत तेल आणि पाणी वेगवेगळं होतं आणि कितीही हलवलं तरी एकजीव होत नाही. ती बाटली टाकून द्यायची. म्हणून डीप फ्रीजरमधला आइस पॅक काढून लगेच कॅरिअरमध्ये, म्हणजे लस न्यायच्या डब्यात, ठेवू नये. टेबलावर ठेवावा, त्याला घाम फुटू द्यावा, मग कानाशी धरून हलवावा. आत पाणी खळखळलं की तो वापरण्याजोगा झाला. बाटल्या आणि पॅक यांच्यामध्ये वर्तमानपत्राची घडी घालावी. मी माझ्या हाताखालच्या प्रत्येक पोराला हे पहिल्या दिवशी शिकवलं. पीपीआर (शेळ्या-मेंढ्यांचा जीवघेणा साथरोग) किंवा देवीच्या वाळवलेल्या लसीचं उलट आहे. ती गोठली तरी चालते, उन्हात मात्र लगेच मरते. ही दोन घराणी दुकानात वेगळ्या कप्प्यांत ठेवा आणि कप्प्यांवर मोठ्या अक्षरात लिहा, म्हणजे तुम्ही नसताना मुलगा काउंटरवर बसला तरी गोंधळ होणार नाही.

माल मागवतानाही हेच. पुणे, अहमदाबाद किंवा इंदूरहून थर्माकोलचा खोका रात्रीच्या ट्रॅव्हल्सने निघतो आणि पहाटे धुळ्याच्या बायपासला उतरतो. तो खोका गाडीवाल्यासमोर उघडा. बर्फ पूर्ण वितळून पाणी कोमट झालं असेल तर माल घेऊ नका, तिथेच फोटो काढा आणि परत पाठवा. पहिल्या दोन-तीन वेळा पुरवठादार चिडेल, मग तो नीट पॅकिंग करू लागेल. मेमध्ये मी तर म्हणेन मोठी ऑर्डर एकदम मागवूच नका, थोडी थोडी मागवा.

शेळ्यांकडे या, कारण मला सगळ्यात मोठी न भागलेली गरज तिथे दिसते. धडगाव, मोलगी, अक्कलकुव्याकडे घरोघरी पाच-सात शेळ्या असतात. तीच घरच्या बाईची बँक. पीपीआर आली की अख्खी वाडी रिकामी होते: नाक-डोळे गळतात, तोंडात फोड येतात, हगवण लागते, आठवड्यात शेळी जाते. लस उत्तम आहे, एक मिलिलिटर कातडीखाली, आणि एकदा टोचली की तीनेक वर्षं निवांत. २०३० पर्यंत जगातून पीपीआर संपवायचं ठरलंय ते याच लसीच्या भरवशावर. गुरांची बुळकांडी २०११ मध्ये जगातून गेली तीही लसीनेच. पण बाटली बऱ्याचदा शंभर डोसांची येते. विद्रावक घालून कालवली की दोन तासांत संपवावी लागते. पाच शेळ्यांच्या बाईने ती बाटली घ्यायची कशी? सरकारी फेरी येते, पण सातपुड्यातल्या पाड्यावर कधी पोचते तर कधी नाही.

इथे तुमच्यासारख्याचं काम आहे. उमेदच्या, म्हणजे राज्याच्या ग्रामीण जीवनोन्नती अभियानाच्या, पशुसखी गावोगाव आहेत; जनावरांची प्राथमिक काळजी घेणाऱ्या गावातल्याच बाया त्या. त्यांना हाताशी धरा. त्या आधी पाड्यातल्या शेळ्या मोजतात, कोणती गाभण आहे, कोणती आजारी आहे ते लिहून ठेवतात, सकाळी उजाडायच्या वेळी सगळ्या एका जागी आणवतात. नोंदणीकृत पशुवैद्यक आणि त्याच्या देखरेखीखाली पदविकाधारक टोचतात. बाटली कालवायची ती शेळ्या जमल्यावर, आधी नाही. साक्रीकडच्या ठेलाऱ्यांच्या, म्हणजे फिरत्या मेंढपाळांच्या, वाड्यावर तर एका जागी शेकड्याने मेंढ्या असतात, तिथे एक काय चार बाटल्या तासाभरात संपतात. फक्त ते कुठे आणि केव्हा मुक्कामाला आहेत हे माहीत हवं. ठेलारी पावसाळ्यानंतर निघतो आणि पुढचे महिने चालत राहतो. त्याचा मोबाइल नंबर आणि त्याची वाट ज्याला ठाऊक आहे, त्याच्याकडून तो लस घेतो. सुई मात्र प्रत्येक जनावराला बदला. एका सुईने शंभर मेंढ्या टोचणारे मी पाहिलेत, त्यात लसीबरोबर रोगही वाटला जातो. आणि वाळवलेली जिवंत लस टोचायची असेल तर कातडीला स्पिरिट चोळू नका. चोळलंच तर वाळू द्या, नाहीतर लस तिथेच मरते.

कोंबड्यांचा बाजार वेगळा आहे. आपल्याकडे त्याचं केंद्र नवापूर. फेब्रुवारी २००६ मध्ये देशातला पहिला बर्ड फ्लू तिथेच सापडला, २०२१ मध्ये पुन्हा आला, दोन्ही वेळा लाखो पक्षी मारून पुरावे लागले, आणि तरीही तिथल्या माणसांनी शेड पुन्हा उभे केले. बर्ड फ्लूच्या त्या घातक प्रकारावर आपल्या देशात लस देत नाहीत, पक्षी नष्ट करतात, हे धोरण आहे. बाकी मानमोडी, गंबोरो, आयबी, देवी या रोगांवर अंड्यावर येईपर्यंत एका कोंबडीला दहा-बारा वेळा तरी लस मिळते: कधी डोळ्यात थेंब, कधी पाण्यातून, कधी सुईने. लसीचा खप डोक्यामागे मोजला तर गाई-म्हशी त्यापुढे काहीच नाहीत. पण मोठे फार्म कंपनीकडून किंवा त्यांच्या ठरलेल्या डीलरकडून थेट माल घेतात, दराची घासाघीस पैशा-पैशावर येते, आणि उधारी लांबते. नव्या माणसाने तिथे उडी घेऊ नये. लहान परसातल्या कोंबड्या आणि पाचशे-हजार पक्ष्यांचे शेड हे तुमचं क्षेत्र धरा. त्यांना पाण्यातून लस देताना नळाचं क्लोरीनचं पाणी चालत नाही, त्यात दुधाची पावडर आधी कालवावी लागते, पक्ष्यांना आधी तासभर तहानेलं ठेवावं लागतं. हे समजावून सांगणारा दुकानदार त्यांना हवाच आहे. कोंबड्यांच्या मरेक रोगाच्या काही लसी आणि संकरित गाईंच्या थायलेरियाची, म्हणजे गोचीड तापाची लस द्रव नायट्रोजनमध्ये ठेवावी लागते. ते सुरुवातीला सोडून द्या.

जळगाव, धुळे शहरांत आणि आता शिरपूर, अमळनेर, चाळीसगावातही घरात कुत्री पाळणारी कुटुंबं वाढली. पिसाळण्यावरची लस आणि पिल्लांची एकत्रित लस एकेका डोसाच्या बाटलीत येते, उरत नाही, वाया जात नाही, पैसे रोख मिळतात. दुकानाचा महिन्याचा खर्च यातून निघेल असं धरून चाला. गिऱ्हाइकाला पुढच्या डोसची तारीख लिहून द्या आणि आठवण करा. पिल्लांच्या मालकांतले पुष्कळजण पहिल्या सुईनंतर विसरतात, आणि मग पार्वो, म्हणजे पिल्लांची जीवघेणी रक्ती हगवण, झाला की रडतात. पोटतिडकीने सांगतो, कुत्र्याला पिसाळण्यावरची लस हा नुसता धंदा समजू नका. २०३० पर्यंत कुत्र्यांमुळे होणारा रेबीज संपवायचा राष्ट्रीय आराखडा २०२१ मध्ये ठरला, त्यासाठी गावातली ७० टक्के कुत्री टोचलेली हवीत, आणि आपल्या तालुक्यांत तो आकडा अजून खूप लांब आहे.

परवान्याचं तुम्हाला सोपं जाईल. जनावरांच्या लसी औषधे व सौंदर्यप्रसाधने कायदा १९४० खाली शेड्यूल सी मध्ये मोडतात. घाऊक विक्रीला नमुना २०-बी च्या परवान्याबरोबर २१-बी चाही लागतो, किरकोळीला २० आणि २१ चा. नुसता २०-बी काढून लसी विकणारे आहेत, ते तपासणीत अडकतात. जागा किमान १० चौरस मीटर. तुमची फार्मासिस्ट म्हणून नोंदणी झाली की दुसऱ्याच्या नावावर परवाना घ्यायची गरज नाही.

उधारीबद्दल शेवटी, कारण तुम्ही भांडवलाचं विचारलंत. आपल्या शेतकऱ्याच्या हातात पैसा येतो कापूस विकल्यावर, केळीवाल्याकडे त्याच्या कापणीप्रमाणे. लस लागते मे-जूनमध्ये, जेव्हा तोच शेतकरी बियाणं-खताला पैसे शोधत असतो. तेवढे पाच-सहा महिने उधारी सोसण्याइतकी रक्कम बाजूला ठेवल्याशिवाय मोठी खरेदी करू नका. दूध संकलन केंद्रांशी बोला. दर दहा दिवसांच्या दुधाच्या बिलातून लसीचे पैसे कापून घेण्याची सोय झाली तर शेतकऱ्यालाही जड जात नाही आणि तुमचीही वसुली होते. तारीख उलटलेला माल कंपन्या सहसा परत घेत नाहीत, म्हणून बाटलीवरची तारीख बघून जुना माल पुढे काढायची शिस्त पहिल्या दिवसापासून लावा.

आणि दुकान उन्हाळ्यात उघडू नका. दिवाळीनंतर उघडा. थंडीत कुत्र्यांच्या आणि शेळ्यांच्या लसींवर सुरुवात करा, फ्रीज आणि इन्व्हर्टर किती तास धरतात ते मुद्दाम वीज बंद करून तपासा, वहीतली तापमानं महिनाभर बघा. होळीनंतर ऊन चढू लागलं की तोच प्रयोग पुन्हा करा. त्यात पास झालात तर एप्रिलच्या शेवटी घटसर्प-फऱ्याची पहिली ऑर्डर द्या.